दुखण्याचा रकाना

१९५८ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकात पॉल कॅसँडर या डॉक्टरांचा एक लेख छापून आला. मधुमेहाच्या काही रुग्णांचं जठर खाल्लेलं अन्न पुढे आतड्यात ढकलायला फारच वेळ लावतं, असं त्यांना क्ष-किरण तपासणीत दिसलं होतं. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘गॅस्ट्रोपॅरेसिस डायबेटिकोरम’. गॅस्ट्रो म्हणजे जठर, पॅरेसिस म्हणजे अर्धवट लुळं पडणं. आज जगभर चालणारा ‘गॅस्ट्रोपॅरेसिस’ हा शब्द या लेखामुळे रूढ झाला.

पण त्या लेखाचं शीर्षक या शब्दाने सुरू होत नाही. ते सुरू होतं ‘असिम्प्टमॅटिक’ने. म्हणजे लक्षणं नसलेला. रुग्णाला ज्याचा काही त्रासच जाणवत नाही असा.

हा आजार असलेल्या कुणालाही हे शीर्षक आज वाचून दाखवा. हसावं की रडावं कळणार नाही. दोन घास खाल्ले की पोट गच्च. दिवसभर मळमळ. सकाळचा नाश्ता संध्याकाळी उलटून पडतो, आणि तो ओळखू येईल इतका जसाच्या तसा असतो. आणि दुखणं. बेंबीच्या वर, मध्यभागी, कधी जेवल्यावर, कधी रात्री, कधी कसलाही हिशेब न ठेवता. अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी हे दुखणं मध्यम ते तीव्र असल्याचं सांगितलं. पाचातल्या एकाची तर मुख्य तक्रारच दुखण्याची होती.

मग ज्या आजारात माणसं इतकी कळवळतात, त्याच्या बारशाच्या वेळी दुखण्याचं नावही का निघालं नाही? कॅसँडर निष्काळजी होते असं नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. प्रश्न दिसण्याचाच आहे. गेली दोनशे वर्षं डॉक्टरांनी जठरात डोकावायच्या एकाहून एक भन्नाट युक्त्या काढल्या. प्रत्येक युक्तीने हालचाल दिसली, वेळ मोजता आली. दुखणं मात्र एकाही युक्तीत दिसलं नाही.

भोकातून दिसलेलं पोट

पहिली युक्ती अपघाताने सापडली. ६ जून १८२२, ह्यूरन सरोवरातलं मॅकिनॅक बेट. फरच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात एक बंदूक चुकून उडाली आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिनच्या डाव्या बरगड्यांखाली छर्रे घुसले. हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा पोरगा, होड्यांतून फरचा माल वाहणारा. जवळच्या लष्करी ठाण्यातला सर्जन विल्यम बोमाँट धावत आला. पोरगा वाचेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो वाचला, पण जखम पूर्ण मिटली नाही. बाहेरून थेट जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं.

बोमाँटला कळलं की आपल्या हाती खजिना लागलाय. १ ऑगस्ट १८२५ला त्याने रेशमी दोऱ्याला मसालेदार शिजवलेलं मांस, खारवलेलं डुकराचं मांस, शिळा पाव, कच्चा कोबी असे तुकडे बांधले आणि भोकातून आत सोडले. दर तासाला दोरा ओढून बघायचं, काय विरघळलं, काय उरलं. पुढची कित्येक वर्षं असे प्रयोग चालले आणि १८३३ साली त्याचं पुस्तक आलं. त्यातला पदार्थांचा तक्ता अजूनही वाचायला मजा येते. उकडलेला भात एक तास. भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. माणसाच्या पोटाचं हे पहिलं वेळापत्रक.

आता त्याच १८२५च्या नोंदीत एक ओळ आहे, जिच्यावरून बहुतेकांची नजर घसरून जाते. दुपार सरताना पोरगा तक्रार करतो. पोटात अस्वस्थ वाटतंय, अंगातलं त्राण गेलंय, डोकं दुखतंय. दोरा बाहेर काढावा लागतो. पुढेही त्रास राहतो, तेव्हा बोमाँट कॅलोमेलच्या, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराच्या गोळ्या भोकातूनच आत टाकतो.

बोमाँटने हे लपवलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण तक्त्यात पदार्थ आहे आणि तास-मिनिटं आहेत. पोराच्या दुखण्याला तिथे जागा नाही. १८३२ साली दोघांत करार झाला, वर्षाला दीडशे डॉलर आणि राहणं-खाणं, त्या बदल्यात सेंट मार्टिनने आपलं जठर प्रयोगांसाठी उपलब्ध ठेवायचं. तो अधूनमधून कॅनडात पळून जाई आणि बोमाँट त्याला परत बोलवायला पत्रांवर पत्रं पाठवी. १८८० साली सेंट मार्टिन गेला तेव्हा डॉक्टरांना शवविच्छेदन करायचं होतं. घरच्यांनी देह मुद्दाम सडू दिला आणि मग खोल खड्डा खणून पुरला. पोटाच्या इतिहासात रुग्णाच्या बाजूने आलेलं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरं माहीत नाही.

मांजर चिडलं की पोट थांबतं

दुसरी युक्ती क्ष-किरणांची. राँटगेनने ते १८९५च्या नोव्हेंबरात शोधले आणि वर्षभरात हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन नावाचा विद्यार्थी त्यांच्यापुढे प्राण्यांना जेवू घालत होता. आधी हंस, मग मांजरं. अन्नात बिस्मथचा क्षार मिसळायचा, तो क्ष-किरण अडवतो, त्यामुळे पडद्यावर जठराची काळी सावली पडते. सावलीवरून लाटा सरकताना दिसतात. १८९८ साली त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं.

जठर ही नुसती पिशवी नाही, हे त्या लाटांमुळे कळलं. वरचा भाग सैल होऊन जेवण सामावून घेतो. खालचा भाग जातं आहे. मिनिटाला साधारण तीन लाटा येतात, घास दळला जातो, आणि एक-दोन मिलिमीटरचे कण झाले की खालचं दार त्यांना थोडं थोडं आतड्यात सोडतं. पिष्टमय पदार्थ लवकर निघतात, प्रथिनं उशिरा, चरबी सगळ्यात शेवटी. हेही कॅननच्याच मांजरांनी दाखवलं. लग्नाच्या पंगतीनंतर पोट संध्याकाळपर्यंत जड का राहतं, याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

कॅननच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. मांजर बिथरलं, चिडलं, सुटायला धडपडू लागलं की लाटा थांबत. शांत झालं की पुन्हा सुरू. यातून त्याचं १९१५चं प्रसिद्ध पुस्तक निघालं. वेदना, भूक, भीती आणि राग यांनी शरीरात काय काय बदलतं, हा त्याचा विषय. वेदनेनेही पचन थांबतं, हे त्यात होतं. म्हणजे दुखणं हा मंद जठराचा परिणाम असू शकतो तसंच ते जठर मंद करणारं कारणही असू शकतं. हे वर्तुळ १९१५ सालीच कागदावर आलं होतं.

वैद्यकाने त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलला. मन बिथरलं की पोट बिघडतं, म्हणजेच पोट बिघडलंय तर मन बिथरलेलं असणार. विशेषतः रुग्ण बाई असेल तर. आणि या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बायकाच आहेत. “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका” हे वाक्य तुम्ही स्वतः नाही तर तुमच्या आईने, मावशीने, रूममेटने कुठल्या तरी दवाखान्यात ऐकलेलं असेल. कॅननचं म्हणणं असं नव्हतं. मांजर खरंच चिडलं होतं आणि त्याचं जठर खरंच थांबलं होतं. दोन्ही खरं होतं.

कापलेली नस

यानंतरचा टप्पा लवकर उरकतो, पण वगळता येत नाही. जठराला मेंदूकडून हुकूम पोचवणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. १९४३ साली शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेटने अल्सरवर उपाय म्हणून ही नस कापायला सुरुवात केली. नस कापली की आम्ल कमी होतं, अल्सर भरतो. भरलेही. पण अनेकांचं जठर रिकामं होईना. मग त्याच शस्त्रक्रियेत जठराचं खालचं दार रुंद करायची पद्धत पडली. गोळ्यांनी आम्ल आवरायची सोय झाली, अल्सरमागचा जंतू सापडला, तशी ही शस्त्रक्रिया मागे पडली. तोवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने मंद जठराची एक पिढी तयार केली होती.

मधुमेह हीच नस हळूहळू, न कापता खराब करतो. १९४५ साली रंडल्स नावाच्या डॉक्टरांनी मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या बिघाडाचं सविस्तर वर्णन करताना सुस्तावलेल्या जठराची नोंद केली होती. तेरा वर्षांनी कॅसँडरनी त्याला नाव दिलं. त्यांच्यासाठी महत्त्वाचं होतं ते रक्तातल्या साखरेचं गणित. इन्सुलिन वेळेवर टोचलं आणि जेवण मात्र जठरातच अडकून बसलं, तर साखर कशी आटोक्यात येणार? प्रश्न मोलाचा होता. पण तो जेवण कुठे आहे याचा प्रश्न होता.

किरणोत्सारी अंडं

क्ष-किरणांची एक अडचण होती. बेरियमचा पांढरा काला हा द्रव. तो सरकला म्हणून भाकरी सरकेलच असं नाही. मग १९६६ साली ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये नवी पद्धत मांडली. जेवणातच थोडं किरणोत्सारी क्रोमियम मिसळायचं आणि बाहेरून यंत्राने मोजत राहायचं, पोटात किती उरलंय.

पण किरणोत्सारी द्रव्य घासाला चिकटून राहायला हवं, सुटून पाण्याबरोबर निघून जायला नको. यावर १९७६ साली निघालेला तोडगा ऐका. जिवंत कोंबडीला किरणोत्सारी टेक्निशियमचं इंजेक्शन द्यायचं. ते तिच्या यकृतातल्या पेशींत जाऊन बसतं. मग कोंबडी मारायची, कलेजी शिजवायची, रश्श्यात घालायची आणि रुग्णाला वाढायची. विज्ञानकथेत लिहिलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

नशिबाने अंडं पुरेसं ठरलं. २००० साली अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या ११ केंद्रांनी मिळून १२३ निरोगी माणसांना एकसारखा नाश्ता दिला. अंड्याच्या पांढऱ्याची भुर्जी, टोस्ट, जॅम, पाणी. चार तासांनी पोटात १० टक्क्यांहून जास्त उरलं असेल तर जठर मंद, असा निकष त्यातून ठरला आणि २००८ साली तज्ज्ञांच्या सहमतीने तो पक्का झाला. आपल्याकडे अंडं न खाणारे पुष्कळ, म्हणून भारतात इडली वापरूनही ही तपासणी बसवली गेली आहे.

बोमाँटच्या तक्त्यापासून १७५ वर्षांनी पोटाला अखेर एक प्रमाणित घड्याळ मिळालं. त्याबरोबर एक पेचही आला. घड्याळातला आकडा आणि माणसाचा त्रास यांचा मेळ बसेना. चार तासांनी निम्मं जेवण पोटात असलेला एखादा आरामात फिरतो. दुसरीच्या पोटात जेमतेम १५ टक्के उरलंय आणि ती रात्रभर पाय पोटाशी घेऊन बसलेली आहे. दुखण्याची तीव्रता जठर किती मंद आहे यावरून सांगता येत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं.

अफूचा सापळा

दुखतंय म्हटल्यावर माणूस दुखणं थांबवणारं औषध मागणार. आणि तिथेच या आजाराचा सगळ्यात क्रूर सापळा आहे.

अफूने पोट बांधलं जातं हे आपल्याकडे घरोघर माहीत होतं. हगवण लागली की अफूचा अगदी बारीक कण, हा जुना उपाय. मुंबईतल्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफू घातलेली बाळागोळी देत, पोर झोपून राहावं म्हणून. याच मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जायची, आणि त्या व्यापारात गब्बर झालेल्या जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. अफू आणि उपचार यांचं नातं या शहराला नवं नाही.

पण अफू आतड्यावर नेमकं काय करते, हे कळलं ते अ‍ॅबर्डीनमध्ये. हान्स कोस्टरलिट्झ हा ज्यू शास्त्रज्ञ नाझी जर्मनीतून निसटून १९३४ साली स्कॉटलंडला आला. त्याचं आवडतं उपकरण म्हणजे गिनीपिगच्या आतड्याची एक पट्टी. क्षारपाण्यात टांगायची, विजेचा हलका झटका द्यायचा, पट्टी आकसते. पाण्यात मॉर्फिनचा थेंब टाकला की आकसणं मंदावतं. मॉर्फिन जितकं जोरदार, तितकी पट्टी सुस्त. म्हणजे वेदनाशामक किती प्रभावी आहे हे मोजायची पट्टी चक्क आतडं होतं.

याच पट्टीच्या मदतीने कोस्टरलिट्झ आणि त्याचा तरुण सहकारी जॉन ह्यूज यांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंतून शरीराचं स्वतःचं मॉर्फिन शोधून काढलं. डिसेंबर १९७५मध्ये ‘नेचर’ने ते छापलं. त्या पदार्थांना त्यांनी नाव दिलं एन्केफॅलिन.

यातून निघणारी गोष्ट साधी आणि भयंकर आहे. वेदना दाबणारं जे कुलूप मेंदूत आहे, तेच आतड्याच्या मज्जातंतूंतही आहे. किल्ली एकच. मेंदूतलं कुलूप फिरवायला घेतलेली गोळी पोटातलंही फिरवते. त्याच १९७५ साली ब्रिटिश डॉक्टरांनी वेगळ्याच वाटेने हे माणसांत दाखवलं. मॉर्फिनसारखी औषधं दिल्यावर गिळलेलं पॅरासिटामॉल रक्तात दिसायला फार वेळ लागत होता, कारण ते जठरातच अडकून होतं.

१९८४ साली या सापळ्याला ‘नार्कोटिक बॉवेल सिंड्रोम’ असं नाव मिळालं. पोट दुखतं, म्हणून अफूच्या कुळातली गोळी. गोळीने जठर आणि आतडं आणखी मंद, पोट आणखी फुगलेलं, काही दिवसांनी दुखणं पहिल्यापेक्षा जास्त. म्हणून आणखी गोळी. मंद जठराच्या दुखण्यावर या औषधांची कायमची सवय लावू नये, असं आजचे तज्ज्ञ एकमुखाने सांगतात ते याच कारणाने. आपल्याकडे हे कळणं जास्त गरजेचं आहे, कारण ‘अफू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला अड्डा येतो. ट्रॅमाडॉल येत नाही. पाठदुखीला, ऑपरेशननंतर सर्रास दिली जाणारी ही गोळी याच कुळातली आहे. २०१८ साली सरकारने तिला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं.

ढकलणारी औषधं

कुणी म्हणेल, दुखणं थांबवू नका, जठरच हलवा. हलवण्याचे प्रयत्न भरपूर झाले. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये मेटोक्लोप्रमाइड आलं. ते चालतं, पण महिनोन्महिने घेतलं तर काहींच्या चेहऱ्याच्या आणि जिभेच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, कधीकधी कायमच्या. २००९ साली अमेरिकेत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला गेला. १९९० साली बेल्जियमच्या संशोधकांना आढळलं की एरिथ्रोमायसिन हे साधं प्रतिजैविक जठराला जोरात आकसायला लावतं. पण काही आठवड्यांत शरीर त्याला सरावतं. डॉम्पेरिडॉन अमेरिकेत बाजारात यायला परवानगीच नाही. आपल्याकडे मात्र पित्ताच्या गोळीबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये ते मिळतं, आणि ती कॅप्सूल आपण शेंगदाण्यासारखी खातो.

सिसाप्राइडची कथा सगळ्यात वाईट. १९९३ साली अमेरिकेत आलं, खूप खपलं, आणि हृदयाचे ठोके बिघडवतं असं दिसू लागलं. १९९९ अखेरपर्यंत तिथल्या औषध प्रशासनाकडे ८० मृत्यूंच्या नोंदी जमल्या होत्या. २००० साली तिथून ते मागे घेतलं गेलं. भारतात त्यावर बंदी आली २०११मध्ये. अकरा वर्षं.

(आणि अलीकडे उलट दिशेची औषधं आली आहेत. वजन आणि साखर कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं जठराचा वेग कमी करतात. ती घेणाऱ्याने मळमळीची, पोटदुखीची तक्रार केली तर आधी इंजेक्शनचा विचार व्हायला हवा.)

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जठर हललं तरी दुखणं बऱ्याचदा तिथेच. स्वीडनमध्ये २०१४ साली मधुमेहाच्या ५६ रुग्णांवर आहाराचा प्रयोग झाला. अर्ध्या लोकांना नेहमीचा मधुमेही आहार, अर्ध्यांना काट्याने सहज कुस्करता येईल असं मऊ, बारीक अन्न. दुसऱ्या गटाची मळमळ कमी झाली, उलट्या कमी झाल्या, फुगणं कमी झालं. औषधाविना, स्वयंपाकघरातून. आमच्या आज्या आजारी माणसाला मऊ भात आणि घोटलेलं वरण का देत, हे त्यांनी असं मोजून दाखवलं नव्हतं, एवढाच फरक. पण याही प्रयोगात एका तक्रारीवर फरक पडला नाही. पोटदुखी.

दुखणं म्हणजे दुखणंच

माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात पोटातल्या शूळाचे प्रकार सांगताना ‘परिणामशूल’ आणि ‘अन्नद्रवशूल’ अशी दोन नावं येतात. पहिल्याचं दुखणं अन्न पचण्याच्या वेळेशी बांधलेलं. दुसऱ्याचं कशाशीच नाही, जेवा अथवा जेवू नका, पचलं अथवा न पचलं. हे म्हणजे गॅस्ट्रोपॅरेसिस असं म्हणण्याचा मोह मला होत नाही, तसं जुळवणं खोटं ठरेल. पण एक गोष्ट लक्ष वेधते. तिथे आजाराचं नावच दुखण्यावरून आहे. वैद्याकडे यंत्र नव्हतं, त्यामुळे त्याला रुग्णाला विचारावंच लागे, कधी दुखतं.

आधुनिक वैद्यक याच प्रश्नाकडे उशिरा वळलं. संशय असा की जठराला मेंदूशी जोडणारे संदेश वाहणारे मज्जातंतूच हळवे झालेले असतात. साधं ताणलं जाणंही त्यांना दुखणं वाटतं. मग जुनाट वेदनेवर थोड्या मात्रेत वापरली जाणारी नैराश्याची औषधं इथे लागू पडतील का? २०१३ साली १३० रुग्णांवर नॉरट्रिप्टिलिनची नीट चाचणी झाली, १५ आठवडे. औषध घेतलेल्यांपैकी २३ टक्के सुधारले, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी २१ टक्के. म्हणजे काही फरक नाही. तरीही या गटातली औषधं डॉक्टर माणूस बघून वापरतात, कारण हाताशी दुसरं फार काही नाही. पोटात बसवायचा विद्युत उत्तेजक उलट्या कमी करतो. दुर्बिणीतून जठराच्या दाराचा स्नायू कापायची पद्धत २०१३ सालापासून पसरली, आता भारतातही होते. दोन्हींचा भर पुन्हा हालचालीवर.

एक तपासणी मात्र अशी आहे जिला ना किरण लागतात ना अंडं. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या सर्जन कार्नेटनी ती सांगितली. रुग्णाला उताणं झोपवायचं. दुखरी जागा बोटाने दाबून धरायची आणि डोकं उचलायला सांगायचं, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतलं असेल तर ताठ स्नायू त्याला झाकतात आणि दाबलेलं कमी जाणवतं. पण दुखणं वाढलं, तर ते पोटाच्या भिंतीतल्या एखाद्या अडकलेल्या नसेचं असू शकतं. तिथे एक इंजेक्शन देऊन बरं वाटणारी माणसं आहेत. मंद जठराचा शिक्का बसलेल्यालाही असं दुखणं असू शकतं. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी डॉक्टरला खुर्चीतून उठून पोटाला हात लावावा लागतो.

रकाना

२००३ साली या आजाराची लक्षणं मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली आणि पुढे संशोधनात हीच मुख्य मोजपट्टी झाली. तिच्यात नऊ प्रश्न. मळमळ, ओकाऱ्या, उलटी, पोट भरल्यासारखं वाटणं, जेवण पूर्ण न करता येणं, फुगणं. नावातच ‘मुख्य लक्षणं’ असा शब्द. दुखण्याचा प्रश्न त्या नवांत नाही. औषधांच्या चाचण्या याच नऊ प्रश्नांवर यश-अपयश ठरवत राहिल्या. त्यात कितीजणांचं पोट दुखत होतं, ते दुखणं कमी झालं का, हे त्या बेरजेत कधी मोजलंच गेलं नाही.

दरम्यान ‘मंद जठर’ या नावाच्या मुळाशीही भूकंप झाला. २०२१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गॅस्ट्रोपॅरेसिस आणि साधं ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’, म्हणजे तसाच त्रास पण जठराचा वेग ठीक, अशा दोन्ही गटांची ४८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. दोन्ही बाजूंच्या सुमारे चाळीस टक्के लोकांचा शिक्का बदलला होता. मंदचे ठीक झाले होते, ठीकचे मंद. त्रास मात्र तोच. जठराच्या लाटा चालवणाऱ्या पेशी दोन्ही गटांत सारख्याच कमी झालेल्या सापडल्या. म्हणजे घड्याळाच्या काट्यावरून “तुम्हाला खरा आजार आहे” आणि “तुम्हाला काही झालेलं नाही” अशी जी फाळणी दवाखान्यात होत आली, तिच्याखालची जमीन बरीचशी सरकली.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी लक्षणं रोजच्या रोज नोंदवायचा आग्रह धरला. त्यातून २०१९ साली नवी डायरी प्रसिद्ध झाली. रुग्णाने ती रोज भरायची, गेल्या चोवीस तासांबद्दल. प्रत्येक लक्षणापुढे आकडा, शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे फारच तीव्र. मळमळ. लवकर पोट भरणं. जेवणानंतरचा जडपणा. उलट्या किती वेळा. आणि त्यांच्याच रांगेत, कॅसँडरच्या लेखानंतर ६१ वर्षांनी, वरच्या पोटातलं दुखणं.